कर्करोगाच्या उपचारांचा खर्च आणि सामान्य कुटुंब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातील रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बायोप्सीचा अहवाल हाती आल्यानंतर जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी पैशासंबंधीचे प्रश्न येथे घेतले आहेत. उपचार कोणता घ्यायचा हे डॉक्टर ठरवतील. तो शेवटपर्यंत पूर्ण करण्याइतके बळ कुटुंबाकडे कसे उरेल, एवढाच या पानाचा विषय आहे.

कर्करोगाचा उपचार इतका महाग का पडतो?

मुख्य कारण म्हणजे हा उपचार एका फेरीत संपत नाही. अनेक रुग्णांना शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार, ज्याला आपल्याकडे शेक देणे म्हणतात, असे तिन्ही उपचार एकापाठोपाठ घ्यावे लागतात. केमो बहुधा दर २१ दिवसांनी असते आणि अशा सहा-आठ फेऱ्या होतात. शेक आठवड्यातून पाच दिवस, असा पाच ते सात आठवडे चालतो. स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन वर्षभर द्यावे लागते. त्याशिवाय दर फेरीआधी रक्ततपासणी, मधूनमधून सीटी स्कॅन, पांढऱ्या पेशी घटल्या तर त्या वाढवण्याचे इंजेक्शन आणि ताप आला तर पुन्हा दाखल होणे असतेच. खर्च हप्त्याहप्त्याने समोर येत राहतो. पहिला हप्ता भरताना एकूण रक्कम कोणीच विचारलेली नसते, त्यामुळे हातातील पैसे नेमके मधल्या टप्प्यावर संपतात. उपचार अर्धवट सुटण्याचे हे फार मोठे कारण आहे आणि अर्धवट सुटलेल्या उपचारावर आधी घातलेला पैसाही वाया जातो.

रुग्णालयाचे बिल शासनाच्या आरोग्य योजनेतून भागले, तरी घरावर कर्ज कसे झाले?

राधानगरी तालुक्यातील एका कुटुंबाने ठेवलेली खर्चाची वही आम्ही पाहिली आहे. आईच्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन आणि केमो योजनेतून झाले आणि रुग्णालयाने त्यासाठी एक रुपयाही घेतला नाही. वहीची पाने मात्र भरलेली होती. निदान होण्याआधी तीन ठिकाणी केलेल्या सोनोग्राफ्या, बायोप्सी, एसटीचे तिकीट, स्टँडपासून रिक्षा, झेरॉक्स, रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ, अंडी, नारळपाणी, रात्री थांबलेल्या माणसाचे जेवण. मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला होता, त्यामुळे प्रत्येक केमोच्या तारखेपुढे ‘खाडा’ असे लिहून बुडालेला रोज मांडलेला होता. एका ओळीत ‘म्हैस दिली’ एवढेच होते आणि त्यानंतर दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलाची जमा कायमची थांबली होती. त्या ओळीची भरपाई कोणतीही योजना देत नाही.

रुग्णालयाबाहेरचा खर्च आणि बुडालेली कमाई यांची बेरीज अनेक घरांत रुग्णालयाच्या बिलाच्या बरोबरीची होते, कधी त्याहून जास्तही होते. म्हणून ‘उपचार मोफत आहे’ एवढे ऐकून निश्चिंत होऊ नये. आजारी माणूस हा घरातील कमावता असेल तर कमाईचे नुकसान दुहेरी असते, कारण त्याच्यासोबत जाणाराही कामावर जात नाही. आजारी पडलेली घरातील बाई असेल तर तिचे काम पैशात मोजलेच जात नाही. वैरण, धार, स्वयंपाक, मुलांची शाळा हे सगळे कोणावर तरी पडते आणि पुष्कळदा शाळेतल्या थोरल्या मुलीवर पडते. हे नुकसानही खर्चाच्याच खात्यात मांडायला हवे.

ही स्थिती फक्त आपल्याकडे आहे का?

नाही. आग्नेय आशियातील आठ देशांत सुमारे साडेनऊ हजार कर्करुग्णांचा वर्षभर मागोवा घेणारा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वर्ष संपताना त्यांपैकी २९ टक्के रुग्ण दगावले होते आणि ४८ टक्के रुग्णांच्या घरी उपचारांवर वार्षिक उत्पन्नाच्या ३० टक्के किंवा त्याहून अधिक रक्कम स्वतःच्या खिशातून गेली होती. जिवंत असलेले आणि आर्थिकदृष्ट्या सावरलेले असे रुग्ण चारात एकही भरले नाहीत.

गरीब देशांत पैशाबरोबर सोयींचाही दुष्काळ असतो. युगांडातील एकमेव किरणोपचार यंत्र २०१६ साली बंद पडले, तेव्हा शेक घेण्यासाठी शेजारच्या केनियात जाणे हाच मार्ग उरला आणि तो थोड्यांनाच परवडणारा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११५ देशांपैकी केवळ ३९ टक्के देशांच्या सर्वांसाठीच्या आरोग्यसेवांत कर्करोगाच्या मूलभूत उपचारांचा समावेश आढळला. याचा परिणाम स्तनाच्या कर्करोगात स्पष्ट दिसतो. सर्वांत विकसित देशांत बारापैकी एका स्त्रीला आयुष्यात कधीतरी हा रोग होतो आणि ७१ पैकी एक त्याने दगावते. सर्वांत मागे असलेल्या देशांत तो २७ पैकी एकीलाच होतो, पण ४८ पैकी एक दगावते. रोग कमी आणि मृत्यू जास्त, हे उशिरा झालेल्या निदानाचे आणि हातात नसलेल्या पैशाचे फळ आहे. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे रुग्ण आणि ९ लाख मृत्यू होतात.

पैशाचा विषय डॉक्टरांकडे काढणे बरे दिसते का?

काढलाच पाहिजे, आणि तो उपचार सुरू होण्यापूर्वी काढला पाहिजे. हा या पानावरील सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. आपल्याकडे डॉक्टरांसमोर पैशाचे बोलणे संकोचाचे वाटते. ‘तुम्ही फक्त बरं करा, पैशाचं आम्ही बघतो’ असे घरातला मोठा माणूस छातीवर हात ठेवून सांगून येतो आणि बाहेरच्या बाकावर बसून कोणाकडून हातउसने घ्यायचे याची यादी करतो. डॉक्टरांना घरची ओढाताण कळलीच नाही, तर ते त्याप्रमाणे बेत आखू शकत नाहीत.

पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत काही प्रश्न स्वच्छ शब्दांत विचारावेत. उपचाराचे एकूण टप्पे किती आणि सगळे मिळून अंदाजे किती खर्च येईल? त्यातील कोणता भाग योजनेत बसतो आणि कोणता बसत नाही? रोग पूर्ण बरा होण्याची अपेक्षा आहे की तो आटोक्यात ठेवायचा आहे? लिहून दिलेल्या औषधाला तितकेच गुणकारी, पण स्वस्त औषध आहे का? ही तपासणी आता केली नाही तर उपचारात काही फरक पडेल का? रोग बरा होणार की आटोक्यात राहणार, हे विचारायला जड जाते, पण किती पैसा उभा करायचा याचा निर्णय त्याच उत्तरावर अवलंबून असतो. बहुतेक डॉक्टर अशा प्रश्नांची नीट उत्तरे देतात. एखाद्या ठिकाणी उत्तर टाळले गेले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास ते पुरेसे कारण आहे.

अहवाल आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात नेमके काय करावे?

रेशन कार्ड आणि आधार कार्ड शेजारी ठेवून दोन्हींवरील नाव अक्षर न अक्षर जुळते का ते पाहावे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव रेशन कार्डात चढलेले नसणे आणि म्हाताऱ्या माणसाची जन्मतारीख दोन कागदांवर वेगवेगळी असणे, या दोन गोष्टींपायी आठवडेच्या आठवडे जातात. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढून घ्यावा, कारण पुढे जवळपास प्रत्येक मदतीसाठी तो लागतो. बायोप्सीच्या अहवालाच्या चार-पाच झेरॉक्स काढाव्यात आणि मूळ अहवाल कोणाकडेही कायमचा देऊ नये.

त्यानंतर शासकीय योजनेतील (महात्मा फुले किंवा आयुष्मान भारत, त्यांची माहिती पुढच्या प्रश्नात आहे) रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्राला, म्हणजे तेथे योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाला, भेटावे, आणि ते दाखल होण्यापूर्वी भेटावे. या योजनेत रुग्णालयाला पैसे परस्पर मिळतात आणि आपण आधी भरलेली रक्कम नंतर परत मागता येत नाही. घाईत एखाद्या ठिकाणी दाखल होऊन ऑपरेशन उरकून घेतल्यावर ‘आता योजनेत बसवा’ म्हणणारी कुटुंबे नेहमी भेटतात आणि त्यांना नकार ऐकून परतावे लागते. कर्करोगात बहुतेक वेळा आठ दिवस कागदपत्रांसाठी दिल्याने रोग हाताबाहेर जात नाही. मात्र रक्ताचा कर्करोग, तीव्र रक्तस्राव किंवा श्वास कोंडणे यांत थांबू नये, आधी दाखल व्हावे आणि त्याच दिवशी आरोग्यमित्राकडे नोंद करावी.

महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारत यांत फरक काय? आपण कशात बसतो?

राज्याची योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. आयुष्मान भारत ही केंद्राची योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. महाराष्ट्रात दोन्ही एकत्र राबवल्या जातात, त्यामुळे आपण कशात बसतो हे आरोग्यमित्र पाहतो. १ जुलै २०२४ पासून राज्य योजनेचे संरक्षणही कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाले आणि शुभ्र रेशन कार्ड असलेली कुटुंबेही तिच्यात आली. ‘आमचे कार्ड पांढरे आहे’ म्हणून परत फिरण्याचे कारण आता उरलेले नाही. ७० वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचे स्वतंत्र संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळते, त्यासाठी वेगळे कार्ड काढावे लागते. कोणते रुग्णालय कोणत्या उपचारासाठी योजनेत आहे, हे राज्य योजनेच्या १५५३८८ आणि केंद्राच्या १४५५५ या क्रमांकांवर विचारता येते. एखादे रुग्णालय ऑपरेशनसाठी योजनेत असते, पण किरणोपचारासाठी नसते. म्हणून चौकशी संपूर्ण उपचाराची करावी.

योजनेची मर्यादा संपली किंवा औषध योजनेत बसत नसेल, तर?

मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून कर्करोगासाठी मदत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला आणि अहवाल जोडावे लागतात आणि मंजूर रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो. दोन्ही ठिकाणी मदत खर्चाच्या काही भागापुरती असते, म्हणून तिच्या भरवशावर पुढची केमो थांबवू नये.

धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग लोकांना फारसा माहीत नाही, पण तो कायद्याने दिलेला आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढणेही त्यांना बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असलेले रुग्ण पहिल्या गटात आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुसऱ्या गटात मोडतात. खाटा भरल्या असे सांगितले गेले, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. ही कोणाकडे मागायची भीक नाही, हा रुग्णाचा हक्क आहे, आणि तो हक्क म्हणूनच मागावा.

औषधे स्वस्त मिळण्याचे खात्रीचे मार्ग कोणते?

सर्वप्रथम एक शंका दूर करणे आवश्यक आहे. स्वस्त म्हणजे हलके, ही समजूत कर्करोगाच्या औषधांत फार नुकसान करते. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब या गोळीचे उदाहरण घ्यावे. मूळ कंपनीच्या गोळीला महिन्याला लाखाच्या वर पैसे पडत, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आसपास मिळे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे ही स्वस्त गोळी बाजारात टिकली आणि असंख्य रुग्ण तिच्यावर वर्षानुवर्षे कामधंदा करत आहेत. त्याआधी मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या औषधासाठी भारताने पहिला सक्तीचा परवाना (पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा) दिला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. औषध बनवण्याचा खर्च आणि त्याची बाजारातील किंमत यांत किती अंतर असू शकते, हे यावरून कळावे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफा ३० टक्क्यांवर रोखला. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधील रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्रित खरेदी करून भाव मोठ्या प्रमाणात खाली आणले. एकट्या रुग्णाला ही घासाघीस करता येत नाही, संस्थांनी एकत्र येऊन ती करायची असते. शासकीय रुग्णालयांच्या खरेदीतही हीच पद्धत सगळीकडे रुजावी, असे आमचे ठाम मत आहे.

रुग्णाने एवढे करावे : चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहून मागावे, त्याच औषधाचे दोन-तीन ठिकाणचे भाव काढावेत, अमृत किंवा जनऔषधी या स्वस्त औषधांच्या शासकीय योजनांच्या दुकानात ते आहे का ते पाहावे आणि बॅच क्रमांकासह पक्के बिल घेतल्याशिवाय केमोचे औषध घेऊ नये. छापील किमतीपेक्षा कितीतरी कमी भावात अनेक औषधे मिळतात, पण विचारल्याशिवाय भाव कमी होत नाही. औषध बदलायचे असल्यास डॉक्टरांना दाखवूनच बदलावे.

‘टाटाला’ जावे, की कोल्हापुरातच उपचार घ्यावा?

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाविषयीचा विश्वास योग्यच आहे, आणि दुर्मिळ किंवा गुंतागुंतीच्या रोगात, तसेच लहान मुलांच्या कर्करोगात तेथे जाणे शहाणपणाचे ठरते. परंतु नेहमीच्या केमोसाठी दर तीन आठवड्यांनी मुंबई गाठणे अनेक घरांना पेलत नाही. तेथे एकदा तपासून उपचाराचा आराखडा लिहून घ्यावा आणि केमो कोल्हापुरात घ्यावी, असे करता येते का हे दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारावे. शेकासाठी महिना-दीड महिना मुंबईत राहावे लागले, तर खोलीभाडे आणि खाणावळ हाच मोठा खर्च होऊन बसतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारखी ठिकाणे अशा रुग्णांसाठीच आहेत, पण तेथे गर्दी असते. म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटावे.

प्रवासात रेल्वेची सवलत अवश्य घ्यावी. रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेल्या प्रमाणपत्रावर कर्करुग्णाला स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण सवलत मिळते आणि सोबत जाणाऱ्या एका व्यक्तीला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालेला रुग्ण सकाळी मुंबईत पोहोचतो, त्यामुळे मुक्कामाची एक रात्रही वाचते.

बुडालेल्या पगाराची काही भरपाई मिळते का?

राज्य कामगार विमा योजनेतील कामगाराला मिळते, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील कितीतरी कामगारांना ती माहीतच नसते. कर्करोग हा दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने पात्र कामगाराला नेहमीच्या आजारपणाच्या लाभानंतर मजुरीच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. भविष्य निर्वाह निधीतूनही अशा आजारासाठी रक्कम काढता येते. ज्यांना पगारच नाही, अशा अत्यंत गरीब कर्करुग्णांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये आहे. शेतमजुराचे खरे उत्पन्नही आज या आकड्यात बसवणे कठीण आहे आणि ही अट सैल झाली पाहिजे.

नोकरदारांना जुन्या करपद्धतीत कलम ८० डीडीबीखाली ४०,००० रुपयांपर्यंत, तर ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारासाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते.

आता आरोग्य विमा काढला तर चालेल का?

निदान झालेल्या रुग्णासाठी नवा विमा जवळपास मिळत नाही, आणि मिळाला तरी आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. आजार लपवून काढलेला विमा दाव्याच्या वेळी नाकारला जातो. घरातील इतरांचा विमा मात्र काढून ठेवावा.

कर्ज काढावे का? जमीन विकावी का?

रोग बरा होण्याची चांगली शक्यता असेल आणि सर्व योजना पाहून झाल्यावरही रक्कम कमी पडत असेल, तर कर्ज काढणे योग्य आहे. ते सोने तारण ठेवून बँकेतून किंवा पतसंस्थेतून घ्यावे. ऊसबिलावर, भिशीवर किंवा बचत गटातून मिळणारी रक्कमही चालेल. महिना पाच-दहा टक्क्यांच्या सावकारी कर्जाकडे जाऊ नये. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे आणि तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

रोग पुढच्या टप्प्यात असेल आणि एखादे महागडे औषध आयुष्य काही आठवड्यांनी वाढवणार असेल, तर मुलांच्या तोंडचा घास असलेली जमीन विकण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसावे. रुग्णाला त्या बैठकीतून वगळू नये. पुष्कळ रुग्णांना स्वतःलाच रान विकायचे नसते, पण त्यांना कोणी विचारत नाही. औषध न घेणे म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. वेदनाशमनाचे, म्हणजेच पॅलिएटिव्ह उपचार अशा वेळी फार दिलासा देतात. तोंडाने घ्यायचे मॉर्फिन स्वस्त आहे आणि २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले आहे. त्याविषयी आपण होऊन विचारावे.

लवकर तपासल्याने खर्च खरेच वाचतो का?

वाचतो. जिभेवरची छोटी गाठ एका ऑपरेशनमध्ये निघू शकते. तीच वाढली की मोठे ऑपरेशन, त्यावर शेक आणि केमो लागते. तंबाखू आणि मिश्रीची सवय आपल्या भागात घरोघरी आहे, विशेषतः थोरल्या बायकांत. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातील जखम, पांढरा चट्टा, स्तनातील गाठ किंवा पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव ‘हंगाम संपल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलू नये. तिशीपुढच्या सर्वांची तोंडाची आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत होते.

उपचार पूर्ण झाल्यावर कोणती तयारी ठेवावी?

पहिली दोन वर्षे साधारणपणे दर तीन-चार महिन्यांनी आणि त्यानंतर लांबच्या अंतराने तपासणीला जावे लागते. प्रवासाचे आणि तपासणीचे पैसे उपचार चालू असतानाच वेगळे धरावेत, कारण बरे वाटू लागल्यावर तपासणीची तारीख सर्वांत आधी चुकते. डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा मूळ अहवाल, किती केमो आणि किती शेक झाले याची नोंद, बायोप्सीचा ठोकळा (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) व स्लाइड कोणत्या प्रयोगशाळेत आहेत त्याची पावती आणि सर्व बिले एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावावीत. ठोकळा उपलब्ध असेल तर पुन्हा बायोप्सी करण्याची वेळ बऱ्याचदा टळते. फाइल घरात कोठे ठेवली आहे हे रुग्णाखेरीज आणखी एका माणसाला माहीत असावे.